लग्नचौक आणि लग्नगडी

दुसऱ्याचे जगणे ‘पाहायला’ जाणे ही नुसती हौस नसते. तो एक सामाजिक संबंध असतो. पाहणारा कोण, पाहिला जाणारा कोण आणि पैसा कोणाच्या हाती पडतो, एवढे विचारले की त्या संबंधाचे खरे रूप उघडे पडते. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीकाठच्या गावांत गोरे प्रवासी बोटीने येतात, मुखवट्यांच्या किमतीत घासाघीस करतात, फोटो काढून निघून जातात. डेनिस ओरूर्क यांच्या १९८८ च्या ‘कॅनिबल टूर्स’ या माहितीपटात हे सारे आहे. तो पाहताना आपला पांढरपेशा प्रेक्षक गोऱ्यांना हसतो. पण ती बोट डोंबिवलीहूनही सुटते.

अशाच एका सहलीबरोबर मी डहाणूकडच्या वारली पाड्यावर गेलो होतो. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंती, त्यांवर तांदळाच्या पिठाची चित्रे, अंगणात तारपा. बरोबरचा मार्गदर्शक सांगत होता, “ही निसर्गाची लेकरे. यांना ना चिंता, ना इतिहास.” मंडळींनी माना डोलावल्या. मी इतिहासाचा शिक्षक. मला ते वाक्य सोडवेना.

वारल्यांना इतिहास आहे, आणि त्याचे एक पान आमच्या कल्याण तालुक्यातच लिहिले गेले. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून आलेले मूठभर वारली तिथून गोदावरी आणि शामराव परुळेकरांना आपल्या मुलखात येण्याचे निमंत्रण देऊन गेले. त्याच वर्षी मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले आणि वेठ बंद करण्याचा निर्णय झाला. पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या निःशस्त्र वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी तिथे पडले.

हा उठाव कशाविरुद्ध होता, हे समजायला त्या भिंतीवरच्या चित्राकडेच परत यावे लागते. शहरी मंडळी ज्याला ‘वारली आर्ट’ म्हणतात, त्याचे मूळ लग्नचौकात आहे. लग्नाच्या वेळी सवाष्णी तो लिहितात, त्यात पालघट देवी बसवतात, धवलेरी गाणी म्हणते. आणि याच लग्नासाठी वारली सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढी. ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही त्याच्या दारी राबत, पुष्कळदा जन्मभर. अशा माणसाला नावच होते : लग्नगडी. झरीनंतर वारल्यांनी गावोगाव मोर्चे काढून हे लग्नगडी सोडवले. ज्या भिंतीवर देवीचा चौक उमटला, त्याच घरावर गुलामीही लिहिली गेली. सहलीला चौक दाखवतात. लग्नगड्याचे नाव कोणी काढीत नाही.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची कला १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान त्यांच्या हातांचा आहे, आणि चित्रावर पोट चालवणाऱ्या वारल्याला कोणी दोष देऊ नये. मात्र सन्मान चित्राचा आणि विस्मरण माणसाचे, ही वाटणी आपल्याला ओळखीची आहे. ढोलकी हवी, ढोलकीवाला नको. जोडा हवा, चांभार नको. ज्याचा इतिहास काढून घेतला, त्याची कला दिवाणखान्यात टांगायला सोपी जाते. इतिहास असलेला माणूस हिशेब मागतो.

म्हणून पाड्यावर जाऊच नये असे मी म्हणत नाही. विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. पण आधी टिटवाळ्याला उतरवावे. ते गाव आता कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. तिथे गणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या मुलांना १९४५ ची ती परिषद सांगावी, गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचायला द्यावे, आणि मग डहाणूची गाडी धरावी. पाड्यावर पोहोचल्यावर नाच कधी सुरू होणार हे विचारण्याआधी, कसता ती जमीन तुमच्या नावावर झाली का, हे विचारावे.