अस्वलाची लसूण

आमची एक भाची गेली काही वर्षे इंग्लंडच्या उत्तर भागात संसार थाटून राहिली आहे. तिने तेथे घर घेतले ते भर थंडीत. तेव्हा मागील अंगणात ओल्या मातीवाचून आणि उघड्या पडलेल्या कुंपणावाचून पाहण्यासारखे काही नव्हते. मार्च महिना उजाडला, आणि झाडांखालच्या सावलीत रुंद हिरव्या पानांचे ताटवेच्या ताटवे वर आले. पाऊस पडून गेला की सारे अंगण लसणीच्या वासाने भरून जाई. तिने त्या पानांची छायाचित्रे आम्हांस पाठविली व खाली एवढेच लिहिले, "मामा, हे उपटून टाकू की फोडणीला घालू?"

प्रश्न दिसतो तितका घरगुती नाही. युरोपातील लोक शेकडो वर्षे त्याची दोन्ही उत्तरे देत आले आहेत. आणि लसणीच्याच बाबतीत आमच्या पूर्वजांनी केलेला खल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस भाचीचा प्रश्न वाचून थोडे हसूही येईल. उत्तर लिहावयास बसलो आणि पत्राचा हा लेख झाला.

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव ॲलियम उर्सिनम. पैकी पहिला शब्द लॅटिनमधील लसणीचा आणि दुसरा अस्वलाचा. लिनियसने १७५३ साली आपल्या ग्रंथात हे नाव नोंदले. जर्मन लोकही तिला 'बेअरलाउख' म्हणजे अस्वलाची लसूणच म्हणतात. हिवाळाभर गुहेत झोपून उठलेले अस्वल प्रथम हीच पाने खाऊन अंगात बळ आणते, अशी तिकडील लोकसमजूत आहे. अस्वलाच्या आहाराविषयी पैज लावण्याइतका आमचा त्याच्याशी परिचय नाही. परंतु उपाशी हिवाळ्यानंतर मिळणारी ही पहिली हिरवी पाने माणसांस किती गोड लागत असतील, याची कल्पना करता येते.

इंग्रजी नाव अधिक मौजेचे आहे. जुन्या इंग्रजीत तिला 'ह्राम्सा' म्हणत व अनेकवचन 'ह्राम्सन' असे होई. पुढे हे अनेकवचन आहे याचाच लोकांस विसर पडला आणि त्यांनी त्यास आणखी एक अनेकवचनी प्रत्यय जोडून 'रॅमसन्स' केले. आयरिश 'क्रॅव्ह', रशियन 'चेरेमशा' आणि ग्रीक भाषेतील कांद्याचे 'क्रॉम्यूऑन' हे सारे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातले मानतात. म्हणजे युरोपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसे हा वास एकाच जुन्या शब्दाने ओळखीत होती. गावांची नावेही त्यावरून पडली. इंग्लंडच्या पूर्वेकडील दलदलीच्या प्रदेशात रॅमसी म्हणून एक गाव आहे. तेथे ९६९ साली मोठा ख्रिस्ती मठ स्थापन झाला. या नावाचा अर्थ 'रानलसणीचे बेट'. पूर्वी लँकेशरमध्ये असलेले रॅम्सबॉटम हे गाव मात्र वादात आहे: ते लसणीचे खोरे की मेंढ्याचे, याचा निकाल पंडितांनी अजून दिलेला नाही.

माणसाचा व या पानांचा संबंध नावांहूनही जुना दिसतो. स्वित्झर्लंडमधील थायंगन येथे नवाश्मयुगीन वस्तीचे जे अवशेष सापडले, त्यांत या वनस्पतीचे परागकण फार मोठ्या प्रमाणात आढळले. त्यावरून तेथील लोक ही पाने वापरीत असावेत, असे अनुमान काढण्यात आले आहे. लिखित पुरावा पाहू जाता १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या जॉन जेरार्ड याच्या वनस्पतिकोशात तिचे वर्णन आहे. नेदरलंडकडील लोक या पानांचे कालवण करून माशांबरोबर खातात असे तो सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत ती लोण्याबरोबर खाण्यासही हरकत नाही म्हणतो. पण लगेच, दणकट प्रकृतीच्या व अंगमेहनत करणाऱ्या माणसांनी, अशी पुस्ती जोडतो. या पुस्तीत साऱ्या पुढील इतिहासाचे बीज आहे. वासाची वस्तू कष्टकऱ्याच्या ताटात शोभते, प्रतिष्ठिताच्या नाही, हा न्याय इंग्लंडातही होता तर! मध्यमवर्गीय इंग्रज घरांतून लसणीचा वास पुढे पिढ्यान् पिढ्या हद्दपार झाला, आणि रॅमसन्सकडे शेतकरी एकाच दृष्टीने पाहू लागला: गाईने हा पाला खाल्ला की दूध नासते. दूध खरोखर नासत नाही, पण त्यास व त्याच्या लोण्यास असा उग्र वास येतो की बाजारात ते कोणी घेत नाही.

हे वाचीत असता आम्हांस एकदम आठवण झाली ती बॉवर पोथीची. लेफ्टनंट हॅमिल्टन बॉवर हा १८९० साली एका व्यापाऱ्याच्या खुन्याचा माग काढीत मध्य आशियातील कुचा येथे पोहोचला असता भूर्जपत्रांवर लिहिलेली एक संस्कृत पोथी त्याच्या हाती आली. ती इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील असावी, असे मानतात. डॉ. हर्नले यांनी पुढे अनेक वर्षे खपून ती छापली. मूळ पत्रे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. तिचा आरंभच लसणीच्या स्तुतीने होतो. सुश्रुत काशिराजास या वनस्पतीचे मूळ विचारतो, आणि काशिराज सांगतो की, अमृत चोरून पिणाऱ्या असुराचा कंठ विष्णूने छेदला तेव्हा जे थेंब भूमीवर पडले त्यांपासून लसूण झाली. असुराच्या देहाचा स्पर्श झाला म्हणून ब्राह्मण ती खात नाहीत. पण मुळात ती अमृतच, म्हणून ती रोग हरते. मनुस्मृतीने लशुन, गृंजन व पलांडु द्विजांस वर्ज्य सांगितले, आणि पाचव्या शतकात आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूनेही येथील लोक कांदा-लसूण खात नाहीत असे नोंदले, हे वाचकांस ठाऊक असेलच. इतका कडक निषेध असता आजारी ब्राह्मणाने काय करावे? पोथीकाराजवळ यास उत्तर आहे. गाईस तीन रात्री चाऱ्यावाचून ठेवावी, मग गवतात लसणीची पात मिसळून तो चारा तीस घालावा; तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल सेवन करावे.

इंग्रज शेतकऱ्याने जो दोष म्हणून गाईस त्या रानापासून हाकलले, तोच गुण म्हणून आमच्या वैद्याने गाईस मुद्दाम लसूण चारली! पळवाट म्हणून आम्ही पूर्वी या श्लोकांस हसत असू. आता वाटते, त्या वैद्याचे निरीक्षण तरी पक्के होते. लसणीचा गुण दुधात उतरतो हे त्याने पाहिले होते, आणि रोग्यास नियम मोडावयास न लावता औषध पोचविण्याची त्याला खटपट होती.

असो. भाचीच्या अंगणाकडे वळणे भाग आहे. कारण आम्ही हे इतिहासाचे चर्वितचर्वण करीत असता तिने पानांची एक जुडी खुडून ओट्यावर ठेवलीही होती.

या ठिकाणी वाचकांनी विनोद बाजूस ठेवावा. रानलसणीची पाने ज्या ऋतूत येतात त्याच ऋतूत, पुष्कळदा त्याच सावलीत, तिच्यासारखी दिसणारी तीन विषारी पाने येतात. पहिले 'लिली ऑफ द व्हॅली' या शोभेच्या फुलझाडाचे. त्यातील द्रव्ये हृदयाची गती बिघडवितात. दुसरे ॲरम या रानटी अळवासारख्या झाडाचे. हे कोवळे असता लसणीच्या ताटव्यातच डोके काढते, व त्याने तोंड-घसा सुजतो. तिसरे आणि सर्वांत घातक कोल्चिकमचे. युनानी वैद्यकात सुरंजान म्हणून सांधेदुखीवर जे औषध देतात ते याच्याच जातीतील. याचे फूल शरद ऋतूत येते आणि पाने वसंतात, त्यामुळे खुडणाऱ्यास ओळख पटविण्यास फूल मिळत नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या देशांतील वैद्यकीय नियतकालिकांत लसूण समजून ही पाने खाल्लेल्या माणसांच्या मृत्यूंच्या नोंदी आहेत. विष पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही. मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, पुढे एकेक इंद्रिय निकामी होते, आणि खात्रीचा उतारा हाताशी नसतो. हेच कोल्चिसिन आमच्या कळलावीच्या कंदात असते. गणपतीच्या दिवसांत कोकणातील कुंपणांवर तिची लाल-पिवळी फुले आपण कौतुकाने पाहतो.

वासावरून ओळखावे, असे सर्व जण सांगतात. पान चुरडून लसणीचा वास आला तर लसूण. हे खरे, पण पहिल्या पानापुरतेच. एकदा बोटांस वास लागला की नंतर चुरडलेले प्रत्येक पान लसणीचेच वाटते. तेव्हा डोळ्यांचा उपयोग केला पाहिजे. रानलसणीचे प्रत्येक पान स्वतःच्या वेगळ्या देठावर जमिनीतून येते व त्याची खालची बाजू निस्तेज असते. लिलीची दोन पाने एकाच दांड्यातून एकमेकांस कवटाळून निघतात. कोल्चिकमच्या पानांस देठच नसतो. ॲरमच्या पानावर शिरांचे जाळे असते, लसणीच्या शिरा एकमेकींस समांतर जातात. आम्ही भाचीस फोनवरून जुडी ओट्यावर पसरावयास सांगितली आणि एकेक पान देठापासून पाहावयास लावले. साठ-सत्तर पानांत तीन पाने जोडीची निघाली. कुंपणाच्या कडेला मागील मालकांनी लिली लावली होती, ती लसणीत मिसळली होती. ती सारी जुडी तिने टाकून दिली. त्या दिवशी तिच्या घरी कोणी जेवले नाही म्हणतात; भीतीने, विषाने नव्हे.

एप्रिलअखेर फुले आली, पांढऱ्या चांदण्यांचे झुबके, आणि संशय मिटला. पुढे प्रश्न राहिला आवरण्याचा. रॅमसन्स ही मंदगतीची वनस्पती आहे. तिचे बी आईच्या पायाशीच पडते, आणि रुजण्यापूर्वी एक-दोन हिवाळे घेते. म्हणूनच जिथे तिचे मोठे ताटवे आहेत ते रान फार जुने असावे असा तर्क तिकडील वनस्पतिशास्त्रज्ञ करतात. बी धरण्यापूर्वी फुले खुडली आणि नको त्या जागचे कंद पाने दिसत असतानाच ओल्या मातीतून खणून काढले, तर चार-पाच वर्षांत ती हवी तेवढीच राहते. उन्हाळा चढला की पाने विरून जातात. मग खणावयास कोठे जावे हेही कळत नाही. मात्र काढलेले कंद खतखड्ड्यात टाकू नयेत. तेथून ते खताबरोबर साऱ्या बागेत जातात.

खरा उपद्व्याप तिच्या एका परदेशी बहिणीचा आहे. भूमध्यसमुद्राकडील त्रिकोणी दांड्याची लसूण अठराव्या शतकात शोभेसाठी इंग्रजी बागांत आणली गेली. फुले घंटेसारखी लोंबती, पाकळीवर हिरवी रेघ, दिसावयास गोजिरी. तिच्या बियांस तेलकट टोक असते, त्याच्या लोभाने मुंग्या बी दूरवर वाहून नेतात. इंग्लंडात व वेल्समध्ये ती रानात लावणे अगर पसरू देणे हा आता कायद्याने गुन्हा आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीत २०१० साली तिचे नाव घातले गेले. देशी रानलसणीस उलट संरक्षण आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून परवानगीवाचून ती मुळासकट उपटता येत नाही. घरच्या अंगणात अर्थात मालकाचे राज्य.

स्वयंपाकाविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकत नाही. भाचीच्या प्रयोगांवरून लिहितो. लसणीचा वास पानात तयार नसतो. पान चिरले अगर चुरडले की दोन वेगवेगळी द्रव्ये एकत्र येऊन तो उत्पन्न होतो. कॅव्हॅलिटो नामक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली लसणीतील हे तिखट द्रव्य वेगळे करून दाखविले. ते उष्णतेने लवकर नाहीसे होते. आमची लसूण आधी तेलात तळावी लागते, हिची पाने सर्वांत शेवटी. पहिल्या खेपेस फोडणीत घातली तर पालकाहून निराळी चव लागेना. पिठले उतरविल्यावर वरून चिरून घातली तेव्हा जमले. थालीपिठात उत्तम, शेंगदाणे व हिरवी मिरची घालून खलबत्त्यात कुटलेला ठेचा त्याहून उत्तम. जर्मन लोक तिचे सार व डंपलिंग करतात, आणि कॉर्नवॉलमध्ये याच पानांत गुंडाळलेले एक चीज मिळते. त्याचे 'यार्ग' हे नाव ते प्रथम करणाऱ्या ग्रे दांपत्याचे आडनाव उलटे वाचून ठेवले आहे. जेरार्डच्या अंगमेहनती माणसांचा हा पाला गेल्या काही दशकांत महागड्या उपाहारगृहांत मानाने येऊन बसला, हे पाहून त्यास काय वाटले असते कोण जाणे. वाळवून ठेवू म्हटले तर वास उडतो. तेलात घालून ठेवावयाची असेल तर थंड पेटीतच ठेवावी व चार दिवसांत संपवावी. बाहेर ठेवलेल्या तेलात घातक जंतूंचे विष तयार होण्याचा धोका असतो.

भाचीने कुंपणाकडची लिली समूळ काढली आणि लसणीचा एक तुकडा, न्हाणीच्या खिडकीसमोरचा, राखून ठेवला. तिच्या सासूबाई यंदा उन्हाळ्यापुरत्या तिकडे गेल्या होत्या. त्या चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करतात. म्हणून सुनेने भीत भीत विचारले की, अंगणात ही आहे, वास चालेल ना? सासूबाई चष्मा लावून खिडकीपाशी गेल्या. कांदेनवमी तोंडावर आली होती, आणि त्या तुकड्यात ओल्या काळ्या मातीवाचून काहीही उरले नव्हते.