व्हिजन बोर्ड : भिंतीवरचा संकल्प



जानेवारी उजाडला की इथल्या कचेऱ्यांत, शाळांत आणि सार्वजनिक वाचनालयांत 'व्हिजन बोर्ड' बनवण्याचे कार्यक्रम सुरू होतात. मुले शाळेतून रंगीबेरंगी पुठ्ठा घेऊन घरी येतात, त्यावर मासिकांतून कापलेली चित्रे चिकटवलेली असतात, आणि आई-बाबांना प्रश्न पडतो की याने खरेच काही साधते, की हीसुद्धा एक अमेरिकन हौसच? थोडक्यात उत्तर असे, की साधते. पण फलकावर चित्र कशाचे लावले आहे यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून या विषयाची जरा सविस्तर माहिती.

हा प्रकार आला कुठून?

व्हिजन बोर्ड म्हणजे आपल्याला पुढे जे हवे आहे त्याची चित्रे, छायाचित्रे आणि शब्द एका फलकावर लावून तो रोज नजरेस पडेल असा ठेवणे. कल्पना नवी नाही. शक्ती गवेन यांच्या १९७८ सालच्या 'क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन' या पुस्तकात 'ट्रेझर मॅप' या नावाने हेच सांगितले आहे. घरोघरी मात्र ती पोचली २००६ मध्ये, 'द सीक्रेट' हा चित्रपट आणि त्याच नावाचे ऱ्हाँडा बर्न यांचे पुस्तक आल्यावर. मनापासून चिंतन केले की विश्व ती गोष्ट आपल्याकडे ओढून आणते, असा त्याचा दावा. २००७ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याची चर्चा झाली आणि मग विचारायलाच नको!

या संदर्भात जिम कॅरीची गोष्ट हमखास सांगितली जाते. काम मिळत नव्हते त्या दिवसांत या विनोदी नटाने स्वतःच्याच नावाने एक कोटी डॉलर्सचा धनादेश लिहिला, त्यावर १९९५ च्या थँक्सगिव्हिंगची तारीख टाकली आणि तो पाकिटात बाळगला. पुढे त्या घरातले मानधन त्याला मिळालेही. ही हकिकत त्याने १९९७ मध्ये ओप्राला सांगितली, तेव्हा लगेच असेही म्हटले होते, की नुसती कल्पना करून मग सँडविच खायला निघून गेले तर काही होत नाही. गोष्ट सांगणारे हे शेवटचे वाक्य बहुतेक वेळा गाळतात.

दुसरी एक गोष्ट तर आपल्याकडच्या व्याख्यानांतही ऐकू येते. येल विद्यापीठात १९५३ साली ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली, अशी ती गोष्ट. असा अभ्यास झालेलाच नाही. 'फास्ट कंपनी' या मासिकाने १९९६ मध्ये शोध घेतला तेव्हा त्याचा कुठेही पुरावा सापडला नाही.

पूजेतला संकल्प आठवा

आपल्या मंडळींना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. सत्यनारायण असो की गणपती, पूजेच्या सुरुवातीला गुरुजी संकल्प सोडायला लावतात. आधी स्थळ आणि काळ यांचा उच्चार होतो. इथे अमेरिकेत गुरुजी भरतखंडाच्या जागी इथल्या भूमीचे नाव घेतात. मग यजमानाचे नाव आणि गोत्र, मग आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य वगैरे जे फळ हवे ते, आणि शेवटी 'करिष्ये' म्हणून हातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे. वाक्याचे क्रियापद पाहा. फळाचा उल्लेख आहे, पण क्रिया आहे 'करीन' ही. अमुक फळासाठी, या ठिकाणी, या दिवशी, अमुक काम मी करणार, असा तो पूर्ण करार असतो.

बाजारी व्हिजन बोर्डावर फळ तेवढे असते. समुद्रकाठचे घर, लाल गाडी, सपाट पोट. 'करिष्ये' मात्र राहून जाते, आणि मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतही बोट नेमके याच जागेवर पडते.

संशोधन काय सांगते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लीन फाम आणि शेली टेलर यांनी केलेला एक प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षा जवळ आलेल्या काही विद्यार्थ्यांना रोज थोडा वेळ उत्तम श्रेणी मिळाल्याचे दृश्य डोळ्यांपुढे आणायला सांगितले, तर काहींना आपण पुस्तक उघडून अभ्यासाला बसलो आहोत असे दृश्य. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. यशाचे चित्र पाहणाऱ्यांनी उलट अभ्यासच कमी केला!

गाब्रिएले एटिंगेन या न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ याच विषयावर अनेक वर्षे काम करत आहेत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, नोकरीच्या गोड दिवास्वप्नांत जास्त रमणाऱ्या जर्मन पदवीधरांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे देकार कमी आले होते आणि पगारही कमी होता. मात्र 'मला नोकरी मिळेल' असा विश्वास असलेल्यांची कामगिरी चांगली होती. विश्वास आणि दिवास्वप्न यांत हा फरक आहे. स्वप्नात मनाला मिळाल्याचे सुख आधीच लाभते आणि अंगातला जोर ओसरतो. त्यांचा उपाय चार पायऱ्यांचा आहे: इच्छा, तिचे फळ, आपल्यातला अडथळा आणि त्यावरचा बेत. अडथळ्याची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि व्हिजन बोर्डावर तीच कधी दिसत नाही.

बेत कसा करावा हे पीटर गोलविट्झर यांनी दाखवले. 'जर असे झाले तर मी तसे करीन' या साच्यात तो आधीच ठरवायचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुटीत एक अहवाल लिहायचा होता. कुठे आणि केव्हा लिहिणार हे ज्यांनी आधी नोंदवले त्यांच्यापैकी जवळजवळ पाऊणांनी तो लिहिला. इतरांपैकी सुमारे एक-तृतीयांशांनीच.

फलक कसा करावा

साहित्य किरकोळ आहे. डॉलर स्टोअरमधला फोम बोर्ड, कात्री, ग्लू स्टिक आणि घरचेच फोटो. मासिकातल्या परक्या माणसांच्या चित्रांपेक्षा आपली स्वतःची छायाचित्रे कितीतरी बरी. उद्दिष्टे तीन, फार तर चार. प्रत्येकाला एक चित्र फळाचे, एक किंवा दोन चित्रे रोजच्या कामाची, आणि खाली 'जर-तर'ची चिठ्ठी. चिठ्ठी चिकटवू नये, पिनेने लावावी, म्हणजे बदलता येते.

उदाहरणार्थ, घरी मधुमेहाची पार्श्वभूमी आहे आणि चालण्याचा व्यायाम करायचा आहे. चित्र गराजच्या दाराशी ठेवलेल्या आपल्या बुटांचे लावा. चिठ्ठी: 'बर्फ पडला तर संध्याकाळी मॉलमध्ये चालेन.' किंवा लग्नानंतर इथे आलेल्या आणि आपल्या व्यवसायाच्या परवान्याची परीक्षा द्यायची असलेल्या गृहिणीचा फलक घ्या. पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या डॉक्टरचे चित्र लावण्यापेक्षा वाचनालयातल्या त्या टेबलाचे लावा. मंगळवार-गुरुवार, सात ते नऊ. अडथळा उघड आहे, स्वयंपाक आणि मुलांचे क्लास. म्हणून चिठ्ठी नवऱ्याच्या हस्ताक्षरात हवी: 'मंगळवार-गुरुवार असेल तर खिचडी मी टाकीन.' ही चिठ्ठी नसेल तर तो फलक म्हणजे बाईंवर आणखी एक ओझे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी आपल्या हातात नसतात. ग्रीन कार्डाचे चित्र बऱ्याच घरांत लावावेसे वाटते. पण नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांना दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा आहे, भारतीयांची रांग त्यामुळे लांबलेली आहे, आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख कोणाच्याही चिंतनाने पुढे सरकत नाही. ते चित्र रोज पाहून मनस्तापच वाढतो. त्याऐवजी जे हाती आहे ते लावावे: कागदपत्रांची फाइल, नूतनीकरणाच्या तारखा, सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक जमेपर्यंत रंगवत न्यायची चौकट. आई-वडिलांच्या तब्येतीचेही तसेच. 'आई बरी होवो' ही प्रार्थना झाली, ती देवघरात. फलकावर पुढच्या भारतभेटीच्या तिकिटासाठी दरमहा बाजूला काढायची रक्कम असावी.

मुलांचा फलक

तो मुलांनीच करावा. आईने नामांकित विद्यापीठाचे स्टिकर आणून मध्यभागी लावले की तो आईचा फलक होतो, आणि मूल त्याकडे पाहणे सोडून देते. दहा वर्षांच्या मुलाने स्केटबोर्ड लावला तर लावू द्या. त्याला एवढेच विचारा, की यासाठी तू कोणत्या दिवशी काय करशील, आणि कंटाळा आला तर काय करशील? आजीशी मराठीत बोलायचे असेल तर दर रविवारी सकाळचा फोन, आणि चिठ्ठी: 'शब्द अडला तर इंग्रजीत न वळता आजीलाच विचारेन.' आजी खूश होतील हा वरचा लाभ.

लावावा कुठे?

कपाटाच्या दाराच्या आतून किंवा अभ्यासाच्या टेबलासमोर. बैठकीच्या खोलीत नको. तिथे पाहुण्यांची चर्चा होते, आणि आपल्याकडे चर्चा आणि चौकशी यांत फारसे अंतर नसते. गोलविट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ मधल्या एका अभ्यासाचाही सूर असाच आहे, की 'मी अमुक होणार' हे इतरांनी ऐकून मान डोलावली की माणसाचा प्रयत्न सैल पडतो.

फलक तीन-चार आठवड्यांत डोळ्यांच्या इतका सवयीचा होतो की दिसेनासाच होतो. म्हणून महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, चहा घेऊन समोर बसावे आणि निदान चिठ्ठ्या तरी बदलाव्यात. एखादे उद्दिष्ट आता नकोसे झाले असेल तर ते काढून टाकावे, त्यात कमीपणा नाही. नवा फलक पाडव्याला करायचा असेल तर जुन्याचा फोटो काढून ठेवावा, मागे वर्ष लिहावे आणि चालू शकणारी चित्रे सोडवून घ्यावीत. फोम बोर्ड उलटा करून दुसऱ्या बाजूलाही वापरता येतो.