पिस्तुलाच्या ट्रिगरचा ‘टक’ आवाज : बिघाड कधी समजायचा?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून गोळी सुटल्यावर ट्रिगर हळूहळू सोडला की ‘टक’ असा आवाज येतो. हा बिघाड नाही. ट्रिगर पुढच्या गोळीसाठी तयार झाल्याची ती खूण असते. याला ‘रिसेट’ म्हणतात.

करकर ऐकू येत असेल, तर धूळ, जळक्या दारूची काजळी किंवा तेलाचा अभाव हे कारण असू शकतं. ट्रिगर अडकत असेल किंवा रिसेट होत नसेल, तर पिस्तूल वापरू नका. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करा.

नांदेड असो वा लातूर, शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीसाठीही परवाना लागतो. त्यामुळे पिस्तूल ओळखीच्या लेथवाल्याकडे देऊ नका. परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्या.