बीजगणिताच्या अध्ययनातील उदाहरणपरंपरा : भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ आणि पयोष्णीकाठच्या कृष्णदैवज्ञांचा ‘बीजपल्लव’

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग सर्वपरिचित आहेत. घाटावर अजिंठ्याची डोंगररांग आहे, तर घाटाखाली पूर्णेचे खोरे. भारतीय बीजगणिताच्या इतिहासातील दोन महत्त्वाची स्थळे याच डोंगररांगेशी आणि याच नदीशी निगडित आहेत, मात्र ती जिल्ह्याच्या सीमेबाहेर येतात. डोंगररांगेने पश्चिमेकडे गेल्यास चाळीसगावजवळ पाटण लागते. तेथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. इ. स. १२०७ चा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. दुसरे स्थळ म्हणजे पयोष्णीच्या, म्हणजेच पूर्णेच्या, तीरावरील दधिग्राम. ते एलिचपूरच्या परिसरात असल्याचे त्या घराण्यातीलच मुनीश्वर यांनी नोंदविले आहे. या गावातून काशीस गेलेल्या घराण्यात कृष्णदैवज्ञ झाले. त्यांनी इ. स. १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. नवशिक्या विद्यार्थ्यास बीजगणित सोडविलेल्या उदाहरणांतून कसे शिकविले जात असे, याचा मागोवा प्रस्तुत लेखात या दोन ग्रंथांच्या आधारे घेतला आहे.

इ. स. ११५० मध्ये सिद्ध झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा ‘बीजगणित’ हा एक भाग होय. त्याची मांडणी ठरलेली आहे. प्रथम सूत्र, मग उदाहरण, मग ‘न्यास’ म्हणजे राशींची मांडणी, आणि शेवटी गद्यात उलगडलेली रीत. अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणत व ती ‘या’ या अक्षराने लिहीत. ज्ञात संख्येस ‘रूप’ म्हणत व तिच्यापुढे ‘रू’ लिहीत. ऋण संख्येच्या माथ्यावर टिंब देत.

एकवर्ण समीकरणाचे पहिले उदाहरण व्यवहारातले आहे. एकाजवळ ३०० रूपे व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रूपांचे ऋण आहे. दोघांचे धन समान असल्यास घोड्याची किंमत किती? न्यासात दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडले जातात : या ६ रू ३००, खाली या १० रू १००, आणि शेवटच्या शंभरावर ऋणाचे टिंब. दहा ‘या’तून सहा वजा केले की चार उरतात. उलट बाजूने रूपांतून रूपे वजा करता ४०० येतात. म्हणून घोड्याची किंमत १००.

भास्कराचार्य येथे थांबत नाहीत, आणि त्यांचे अध्यापनकौशल्य खरे तर पुढेच दिसते. घोडे तेच, ऋण तेच. फक्त अट बदलते. पहिल्याच्या धनाच्या निम्म्यात दोन मिळविले असता दुसऱ्याचे धन होत असेल तर? उत्तर ३६. पहिल्याचे धन दुसऱ्याच्या तिप्पट असेल तर? उत्तर २५. गोष्ट तीच राहिल्याने विद्यार्थ्याचे लक्ष घोड्यांवरून सुटते आणि दोन पक्ष समान कसे करावेत या एकाच प्रश्नावर स्थिरावते. पहिल्या उदाहरणाची केवळ नक्कल करणारा दुसऱ्या अटीपाशीच अडतो.

तरीही एक अडचण शिल्लक राहते. ३०० मधून ऋण १०० वजा केले असता ४०० कसे झाले? आजही वर्गात ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ एवढे सांगून हा प्रश्न पुष्कळदा मिटविला जातो. कृष्णदैवज्ञांनी तो मिटविला नाही. ऋणत्व तीन प्रकारचे असते, असे ते म्हणतात : स्थळाचे, काळाचे आणि वस्तूचे. स्थळाच्या बाबतीत विरुद्ध दिशा हेच ऋणत्व. त्यासाठी त्यांनी काशीचा दाखला घेतला आहे. काशीहून पाटलिपुत्र पूर्वेस १५ योजने, प्रयाग पश्चिमेस ८ योजने. पूर्व धन मानल्यास प्रयाग ऋण ८ वर येते. दोहोंतील अंतर काढणे म्हणजे वजाबाकी करणे. आणि ते अंतर तर २३ योजने आहे, हे वाटेने जाणाऱ्या कोणासही ठाऊक. म्हणजे ऋण वजा करताना ते धन होऊन मिळते. घोड्यांच्या उदाहरणातील ४०० चे रहस्य हेच. विदर्भातून काशीस स्थिरावलेल्या घराण्यातील गणितज्ञाने शिष्यांच्या परिचयाचीच वाट निवडावी, यात नवल नाही.

‘उदाहरण’ हा त्या काळी ज्योतिषग्रंथांचा स्वतंत्र लेखनप्रकारही होता. श्रीपतीच्या ‘जातकपद्धती’वर कृष्णदैवज्ञांनी लिहिलेल्या उदाहरणात अब्दुल रहीम खानखाना यांची कुंडली सोडवून दाखविली आहे. जहांगीराच्या दरबारी मान मिळालेल्या या पंडितास नमुन्याची निवड कशी करावी, हे चांगले कळत होते!

ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर व ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हाच विषय प्रयोगाने तपासला. बीजगणिताची उदाहरणे स्वतः सोडवीत बसणाऱ्यांपेक्षा सोडविलेली उदाहरणे अभ्यासणारे विद्यार्थी त्याच घडणीचे नवे प्रश्न लवकर व कमी चुका करून सोडवितात, असे त्यांस आढळले. घडण बदलली की हा लाभ मात्र दिसेनासा झाला. भास्कराचार्यांनी घोडे तेच ठेवून अट दोनदा बदलली आहे, ती नेमकी या जागी.