रविवार फुकट मिळाला नाही

वीकेंड ही कंपनीने दिलेली सोय वाटते ना? मग हे वाचाच.

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त कापड मँचेस्टरवाल्यांना खुपत होतं, हेही त्यामागचं एक कारण. (नुसता कळवळा नव्हता हो!) ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, १२ पर्यंतच्यांना दिवसाला ९ तास. मोठ्यांच्या तासांबद्दल? काहीच नाही.

मग १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. अर्जावर ५,५०० सह्या. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. हो, सूर्यास्तापर्यंत काम ही मागणी होती! शिवाय अपघात झाला तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

रविवार मालकांनी १० जून १८९० ला मान्य केला. आठवड्याची सुट्टी १८९१ च्या कायद्यात आली. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ उजाडलं, म्हणजे अर्जानंतर ३९ वर्षं. लोखंडे तोवर कधीच गेले होते, १८९७ च्या प्लेगमध्ये.