निखारे ज्यांनी पेटवले, टेबल त्यांना मिळाले नाही : अमेरिकी बार्बेक्यूचा इतिहास

"आता कुठे राहिली जात? आम्ही तुमच्या घरचे मटण चवीने खातो की!" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. एकत्र खाल्ले की भेद गळून पडतो, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. बोलणारा बऱ्याचदा मनापासून बोलतो. पण मनापासून बोललेले खरेच असते असे नाही. म्हणून हा युक्तिवाद इतिहासावर घासून पाहिला पाहिजे.

त्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांसारखे दुसरे उदाहरण नाही. तिथे बार्बेक्यूबद्दल अगदी हेच म्हटले जाते. लाकडाच्या निखाऱ्यांवर, उघड्यावर, तासन्‌तास भाजलेले मांस आणि त्यावर तिखट-आंबट सॉस हा पदार्थ गोऱ्यांनाही प्रिय आणि काळ्यांनाही प्रिय. म्हणून तो दोघांना जोडतो, असे सांगितले जाते. आता पाहू, त्याने खरोखर कोणाला कोणाशी जोडले.

खड्डा कोणी खणला?

'बार्बेक्यू' हा शब्द 'बार्बाकोआ'वरून आला. कॅरिबियन बेटांवरचे मूळनिवासी ताइनो लोक काठ्यांची माची बांधून तिच्यावर मांस-मासे भाजत. तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला. ताइनोंची वस्ती मात्र गुलामी, कत्तल आणि साथीचे रोग यांत काही दशकांतच जवळपास संपली.

पुढे उत्तर अमेरिकेत गोऱ्या मळेवाल्यांनी बार्बेक्यूला मेजवानीचे आणि राजकारणाचे साधन केले. निवडणूक असो, चार जुलैचा स्वातंत्र्यदिन असो, बार्बेक्यू हवाच. १८ सप्टेंबर १७९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनाची कोनशिला बसली, तेव्हा ५०० पौंडांचा बैल भाजून मेजवानी झाली. कोनशिला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बसवली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. बैल भाजणाऱ्याचे नाव कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

दक्षिणेत हे काम प्रामुख्याने गुलामांचे होते. माणसाच्या कमरेइतका लांबलचक चर खणायचा. बाजूला हिकरी किंवा ओकची लाकडे जाळून निखारे करायचे आणि ते फावड्याने चरात पसरायचे. वर ओल्या लाकडाचे दांडे टाकून त्यावर अख्खे डुक्कर ठेवायचे. ज्वाळा लागू द्यायची नाही, निखारा विझू द्यायचा नाही आणि रात्रभर मांसावर सॉस फिरवत राहायचे. धूर, धग आणि जागरण हे सगळे गुलामाच्या वाट्याला, आणि सकाळी पाहुणे मालकाचे.

१९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने गुलामीतून सुटलेल्या वृद्धांच्या मुलाखती नोंदवून घेतल्या. त्यात दक्षिण कॅरोलिनातले वेस्ली जोन्स आहेत. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण रात्रभर जागून मांस भाजत असू, असे ते सांगतात, आणि सॉसमध्ये काय काय पडे तेही सांगतात : व्हिनेगर, काळी मिरी, लाल मिरची, मीठ, लोणी, थोडा सेज, कोथिंबिरीच्या जातीचा मसाला, बेसिल, कांदा आणि लसूण. काही जण चिमूटभर साखरही टाकत. आज महागड्या बाटलीवर 'पारंपरिक दक्षिणी चव' असे छापलेले असते. ती परंपरा कोणाच्या डोक्यात आणि हातात होती, याची ही सरळ साक्ष आहे. आणि ती टिकली, कारण कोणीतरी जाऊन विचारले आणि लिहून घेतले.

या निखाऱ्यांभोवती बंडही शिजले. २१ ऑगस्ट १८३१ रोजी व्हर्जिनियातल्या जंगलात नॅट टर्नर आणि त्याचे साथीदार जमले, ते डुक्कर भाजून खाण्याच्या निमित्ताने. त्याच रात्री अमेरिकेतल्या सर्वात प्रसिद्ध गुलाम-उठावाला सुरुवात झाली. म्हणजे हाच विस्तव मालकाच्या अंगणात पेटला की चाकरी होती आणि जंगलात पेटला की संघटन.

मिरची कोणी जपली?

मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. १४९२ नंतर युरोपियन जहाजांनी ती जगभर नेली. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम आफ्रिकेत गेली, गोव्यातही उतरली. आपल्या ठेच्यातली मिरची आली ती याच व्यापाराच्या वाटेने, आणि त्याच व्यापारात आफ्रिकेतली माणसेही विकली जात होती. गुलाम म्हणून अमेरिकेत पोहोचलेल्या अनेकांच्या स्वयंपाकात तिखट आधीपासून मुरलेले होते. मालकाने दिलेल्या रोजच्या शिध्यात चव नव्हती. ती झोपडीमागच्या भाजीच्या तुकड्यातून आली. दिवसभर मालकाचे शेत आणि उरलेल्या वेळात स्वतःचा वाफा.

या परसबागांच्या परंपरेतली एक मिरची म्हणजे 'फिश पेपर'. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे, कोवळी मिरची दुधाळ, मग पट्टेदार आणि शेवटी लालभडक. चेसापीक उपसागराच्या परिसरात, बाल्टिमोरच्या बाजूला, कृष्णवर्णीय आचारी ती मासे आणि कालवांच्या पांढऱ्या सॉसमध्ये घालत. कोवळ्या मिरचीने तिखटपणा येई, रंग बिघडत नसे. विसाव्या शतकात ती जवळजवळ नाहीशी झाली.

ती वाचली होरेस पिपिन यांच्यामुळे. पिपिन हे पहिल्या महायुद्धात उजव्या खांद्याला गोळी लागलेले कृष्णवर्णीय सैनिक आणि स्वतःच्या बळावर घडलेले चित्रकार. जुन्या दुखण्यावर मधमाश्यांचा डंख उतारा म्हणून ते घेत, आणि माश्यांच्या बदल्यात पेन्सिल्व्हेनियातल्या एका मधपाळाला जुन्या वाणांचे बियाणे देत. त्या मधपाळाचे नातू, अन्न-इतिहासकार विल्यम वॉइज वीव्हर यांनी ते बियाणे १९९५ मध्ये पुन्हा लोकांसमोर आणले. एका जखमी सैनिकाने बी जपले नसते, तर तो वाण आणि त्यामागच्या आचाऱ्यांची आठवण दोन्ही गेली असती.

याच्या शेजारी दुसरी मिरची ठेवून पाहा. लुइझियानातले एव्हरी आयलंड हे गुलामांच्या श्रमावर चाललेले उसाचे मळे होते. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर तीन वर्षांनी, १८६८ मध्ये, मळेवाल्याचे जावई एडमंड मॅकिल्हेनी यांनी तिथे टबॅस्को मिरचीचे पहिले व्यापारी पीक घेतले. १८७० मध्ये सॉसचे पेटंट घेतले. पिकलेली मिरची मिठात ठेचायची, ओकच्या पिंपात मुरवायची, वर मिठाचा थर द्यायचा, नंतर व्हिनेगर मिसळून गाळायची. ही कृती घरच्या बरणीतही जमते. पण जमीन, भांडवल आणि पेटंट ज्याच्याकडे, नाव त्याचे. पिढ्यान्‌पिढ्या तिखट बनवणाऱ्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांकडे या तीनपैकी एकही गोष्ट नव्हती.

आचारी आत, गिऱ्हाईक बाहेर

आता मूळ प्रश्नावर येऊ. चव जोडते का?

अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे हॉटेल होते. २२० जणांची बसण्याची सोय. ३६ कामगार, त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण १९२७ पासून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून खायला मनाई. त्याने पार्सल घ्यावे आणि जावे. म्हणजे काळ्या हाताने रांधलेले चालत होते, काळा माणूस शेजारच्या टेबलावर चालत नव्हता. चहाच्या टपरीवर आपल्यासाठी ठेवलेली वेगळी कपबशी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. सदतीस वर्षे तीच चव सगळ्यांच्या जिभेवर होती. तिने एक खुर्चीही मोकळी केली नाही.

खुर्ची मोकळी केली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने. हॉटेलमालक कायद्याविरुद्ध न्यायालयात गेला. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. पण कारण काय दिले? हॉटेलने वर्षभरात घेतलेल्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचे मांस दुसऱ्या राज्यातून आलेले होते. म्हणून हा आंतरराज्य व्यापाराचा विषय आणि म्हणून संसदेला अधिकार! माणसाच्या प्रतिष्ठेचा निकाल मांसाच्या बिलावर लागला.

हा द्राविडी प्राणायाम का करावा लागला? महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतली गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, अमेरिकी संसदेने सराया, सार्वजनिक वाहने, नाट्यगृहे सर्वांना सारखी खुली करणारा कायदा केला. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. संविधानाची समतेची हमी सरकारवर बंधनकारक आहे, खाजगी मालकावर नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. पुढची ८१ वर्षे हा निकाल आड आला.

पण तो मेलेला कायदा एका माणसाने वाचला होता. पहिल्या गोलमेज परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी मागणी मांडली, तिच्यातले समान हक्कांचे कलम त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या याच कायद्यांच्या आधाराने बेतले होते आणि तसे नमूदही केले होते. पुढे भारतीय संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांचा सरळ उल्लेख झाला. हे कलम फक्त सरकारला नाही, हॉटेलमालकालाही बांधते. अमेरिकेत खुर्ची मिळण्याच्या चौदा वर्षे आधी, २६ जानेवारी १९५० पासून, आपल्याकडे ते लागू आहे. मांसाचे बिल दाखवायची गरज आपल्या संविधानाने ठेवली नाही.

कायदा झाला की काम संपते असेही नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या 'पिगी पार्क' या बार्बेक्यू साखळीचा मालक मॉरिस बेसिंजर, पिवळ्या मोहरीच्या सॉससाठी प्रसिद्ध. १९६४ च्या कायद्यानंतरही तिथे कृष्णवर्णीयांना नाकारले गेले. अ‍ॅन न्यूमन यांनी खटला भरला. मालकाचा एक बचाव असा की, वंशभेद मोडणे देवाच्या इच्छेविरुद्ध आहे! १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव बिनबुडाचा ठरवला आणि असा खटला जिंकणाऱ्याला वकिलाचा खर्च सामान्यतः मिळालाच पाहिजे, असे सांगितले. कार्यकर्त्यांनी हे दुसरे वाक्य लक्षात ठेवावे. गरिबाच्या हक्कामागे वकिलाची फी उभी नसेल, तर हक्क कागदावर राहतो.

अंगण कोणाचे?

कोणी म्हणेल, हॉटेल सोडा, घरच्या अंगणात कोण अडवतो? तर तेही पाहू. लाकडी कोळशाच्या विटा अमेरिकेत घरोघरी पोहोचवण्यात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याचा हात होता. मोटारींसाठी कापलेल्या लाकडाचा चुरा त्यांनी १९२० च्या दशकात विकायला काढला. १९५२ मध्ये झाकणाची गोल वेबर शेगडी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगर, मागचे अंगण आणि शेगडीपुढे उभा बाप हे सुखी कुटुंबाचे चित्र झाले. पण त्या चित्रात कोण होते? १९४७ मध्ये सुरू झालेल्या लेव्हिटाऊन वसाहतीच्या भाडेकरारात गोऱ्यांखेरीज कोणी राहायचे नाही अशी अट होती. अपवाद फक्त घरगड्यांचा. निखारा फुलवायला या, राहायला येऊ नका!

आणि हे जुने झाले असेही समजू नका. २९ एप्रिल २०१८ रोजी ओकलंडच्या लेक मेरिट बागेत काही कृष्णवर्णीय माणसे मांस भाजत होती. इथे कोळशाची शेगडी चालत नाही, म्हणून एका गोऱ्या बाईने पोलिसांना बोलावले. त्यानंतर शेकडो लोक त्याच तळ्याकाठी शेगड्या घेऊन जमले आणि सगळ्यांनी मिळून बार्बेक्यू केला. ते निव्वळ जेवण नव्हते. सार्वजनिक जागेवरचा आपला हक्क त्यांनी बजावला होता, जसा आपल्या लोकांनी १९२७ मध्ये चवदार तळ्यावर बजावला.

मित्रांनो, 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी हे १९३६ सालीच सांगून ठेवले आहे की, सहभोजनाने जातीची भावना मरत नाही. अमेरिकेतल्या बार्बेक्यूचा इतिहास त्याला दुजोरा देतो. जिभेला लागलेली चव माणसाला न्यायापर्यंत नेत नाही. तिथवर न्यायला कायदा लागतो, तो राबवणारे संघटन लागते आणि जमीन-भांडवलातला वाटा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "आम्ही तुमचे मटण खातो" म्हणाले, तर रागावू नका. एवढेच विचारा : तुमच्या इमारतीत आम्हाला भाड्याने घर मिळेल का? तुमच्या घरात आमची मुलगी सून म्हणून येईल का? आणि स्वतःसाठी एक काम घ्या. आपल्या आज्या-मावश्या निखाऱ्यावर काय भाजत, ठेच्यात काय घालत, कोणत्या मिरचीचे बी जपत, ते त्यांच्या नावासकट लिहून काढा. वेस्ली जोन्स यांना विचारायला कोणीतरी गेले होते. आपल्या माणसांना विचारायला आपणच जायचे आहे.

जय भीम!