मेंढीच्या मांसातील मेद : चाऱ्याचा परिणाम

मेंढी जो चारा व खुराक खाते, त्यानुसार तिच्या मांसातील मेदाम्लांचे प्रमाण बदलते. कोंबडी किंवा डुकराच्या मानाने हा बदल लहान असतो; कारण मेंढी रवंथ करणारी आहे आणि खाल्लेल्या तेलाचे रूप कोटीपोटातील (जठराच्या पहिल्या कप्प्यातील) जीवाणू आधीच पालटतात. लहान असला तरी तो मोजता येतो, चवीला कळतो, आणि मुंबईच्या मटणबाजारात मात्र विचारला जात नाही. म्हणून येथे तो सविस्तर दिला आहे.

कोटीपोटातील प्रक्रिया : हिरव्या पानांतील मेदात लिनोलेनिक आम्ल सहसा निम्म्याहून अधिक असते, मका व सरकी यांच्या तेलात लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. जीवाणू या असंपृक्त आम्लांना हायड्रोजन जोडत जातात आणि शेवटी स्टिअरिक आम्ल उरते. ते सुमारे ६९° से. तापमानाला वितळते. मेंढीच्या मटणाचा रस्सा निवताच वर पांढरा थर धरतो, तो बऱ्याच अंशी यामुळेच. प्रक्रिया अर्धवट राहिली की व्हॅक्सेनिक आम्ल बनते आणि मेदपेशी त्यापासून रुमेनिक आम्ल तयार करतात. जीवाणूंच्या तावडीतून सुटलेले थोडे लिनोलेनिक आम्ल स्नायूंपर्यंत पोहोचते. कुरणावर वाढलेल्या जनावराची ओळख प्रामुख्याने त्यावरूनच पटते.

दूधपित्या कोकराचे तसे नाही. दूध कोटीपोट टाळून थेट जठराच्या चौथ्या कप्प्यात उतरते. त्यामुळे त्याची चरबी आईच्या दुधातील मेदाशी मिळतीजुळती असते. आईने काय चरले, हे अशा रीतीने कोकराच्या मांसात येते.

खुराक : भरडलेल्या धान्यातील पिष्टापासून कोटीपोटात प्रोपिऑनिक आम्ल वाढते. ते यकृताला पेलेनासे झाले की शरीरात शाखायुक्त मेदाम्ले तयार होतात आणि कातडीखालची चरबी मऊ, तेलकट होते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेने १९७० च्या दशकात सातू खाणाऱ्या कोकरांवर केलेल्या कामातून हे स्पष्ट झाले. धान्य-पेंडीच्या खुराकाने ओमेगा-६ (लिनोलिक गटातील आम्ले) वाढते व ओमेगा-३ (लिनोलेनिक गटातील आम्ले) घटते. जवसाने उलट घडते. मात्र विदर्भात पिकणारे जवस मेंढीच्या वाट्याला क्वचितच येते.

दख्खनी मेंढी : महाराष्ट्राची मुख्य जात. बहुधा काळी, भरड लोकरीची, बारीक शेपटीची आणि कमी चरबीची. सातारा, सांगली, सोलापूरच्या अवर्षणप्रवण भागांतील धनगर पावसाळा सरल्यावर कळप घेऊन बाहेर पडतात. काही वाडे (एकत्र फिरणारे धनगरांचे गट) घाट उतरून कोकणात भातकापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात. या वाटेवर मेंढी धसकटांतली हिरवळ, बांधावरचे गवत, बोर-बाभळीचा पाला व बाभळीच्या शेंगा खाते. पावसाळी कोवळे गवत लिनोलेनिक आम्लाने समृद्ध असते. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात ते बरेच घटते. एकाच कळपातील श्रावणातली व वैशाखातली चरबी म्हणूनच सारखी मानता येत नाही. बाभळीतील टॅनिनमुळे जीवाणूंचे काम मंदावते असे मानले जाते. मात्र इतर टॅनिनयुक्त चाऱ्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचे जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी विकसित केली. जुळ्यांना आईचे दूध अपुरे पडते, त्यामुळे खुराक लवकर सुरू करावा लागतो. अशा खुराकावरच्या संगोपनात मांस वाढते, पण मेद धान्याच्या बाजूला झुकतो. वाढीच्या वजनाइतकेच याकडेही लक्ष दिले पाहिजे.

देवनार व उपनगरे : मुंबई महानगरपालिकेचा देवनार कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला, त्याआधी हे काम वांद्र्याला चाले. देवनारला राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश व पश्चिम महाराष्ट्रातून शेळ्या-मेंढ्या येतात. कत्तलीपूर्वी व नंतर पशुवैद्यक रोगाची तपासणी करतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या दुकानांत गिऱ्हाईक दात, वजन आणि रान-सीना-चाप पाहून घेते. चाऱ्याचा प्रश्न येत नाही. चरबीची घडण बदलायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे बाजारात दोन-चार दिवस घातलेल्या पाल्याने किंवा चण्याने ती पालटत नाही.  राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांत मेंढी व शेळीच्या निरनिराळ्या भागांची मेदाम्ले दिली आहेत. ती चाऱ्यानुसार वेगळी केलेली नाहीत. चारा कोणताही असला तरी शहरातील आहारतज्ज्ञाला मेंढीच्या मेदाचे तेच आकडे वापरावे लागतात, ही उणीव मोठी आहे.

वास : शाखायुक्त आम्लांमुळे मेंढीचा खास वास येतो. हिरव्या कुरणावर स्कॅटोल हे वासाचे द्रव्य वाढून तो अधिक उग्र होतो.

आरोग्य : कुरणावरच्या मांसात ओमेगा-६ व ओमेगा-३ यांचे गुणोत्तर साधारणपणे ४ पेक्षा कमी राहते. रुमेनिक आम्लाच्या फायद्यांबाबत मतभेद आहेत.

शेळी : मुंबईत ‘मटण’ म्हणून विकले जाणारे मांस बव्हंशी शेळी-बोकडाचे असते. शेळीची चरबी पोटात अधिक व कातडीखाली कमी साठते. कोटीपोटातील प्रक्रिया तीच.

टिकाऊपणा : हिरव्या चाऱ्यातील ई जीवनसत्त्वामुळे मांस उशिरा खवट होते.